आतली हवा

खोलीत होतं ते एवढंच: भिंती चार, दारं दोन, एक बाहेरच्या जिन्याचं आणि एक चिंचोळ्या स्वैपाकघराचं, खिडकी एक, तिला दुहेरी काचा, खिडकीखाली भिंतीला लावलेला लोखंडी हीटर एक, बंद, छताला दिवा एक, बटणं तीन, त्यांतलं एक कशाचं ते घरमालकीणबाईंनाही ठाऊक नव्हतं, भिंतींत जुन्या खिळ्यांची भोकं अकरा, त्यांतली नऊ बुजवलेली, लाकडी जमिनीवर कुणाच्या तरी पलंगाच्या पायांनी पाडलेले चार खळगे, आणि माणसं दोन. बाई मोठ्यानं सांगत होत्या आणि ती लिहून घेत होती. माणसं दोन हे मात्र तिनं मनातल्या मनातच मोजलं. त्या यादीत माणसांसाठी रकाना नव्हता.

या देशात करारावर सही करण्याआधी मालक आणि भाडेकरू मिळून घरभर फिरतात, ओरखडा न् ओरखडा कागदावर उतरवतात आणि खाली दोघंही सही करतात, म्हणजे निघताना तोंडं वाकडी व्हायला नकोत. हे तिला आधी कुणी तरी सांगितलं होतं तेव्हा ती नुसतं 'हो का' म्हणाली होती. पण आत्ता सत्तरीच्या पुढच्या त्या बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, चौकटीच्या पायथ्याशी करंगळीच्या नखाएवढा रंग उडाला होता त्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हेही लिहा," आणि तिच्या अंगावर काटा आला. एवढीशी गोष्ट, कुणाच्या नजरेतही न भरणारी, आणि दोन मोठी माणसं चेहरे गंभीर करून तिची दखल घेत होती. ही गोष्ट आहे, असं दोघींचं एकमत होत होतं. जग असं इंचाइंचानं मान्य करत गेलं तर किती वेळ लागेल, आणि लागला तरी किती बरं, असं काहीसं तिच्या मनात आलं. मग भिंतीवर तिला एक लांबट चरा दिसला आणि ती दचकली. "हा माझ्या पिशवीनं पडला असेल," ती घाईघाईनं म्हणाली, "आत येताना घासली असणार. माझ्या नावावर लिहा." बाईंनी चष्म्यावरून आधी चऱ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "हा माझ्या कपाटानं पाडलाय. तुमचा जन्म झाला होता का तेव्हा, कोण जाणे," त्या म्हणाल्या. "लोक येऊन स्वतः पाडलेला ओरखडा माझ्या माथी मारतात. तुम्ही पहिल्या, ज्या माझा ओरखडा घरी न्यायला निघाल्या."

ती हसली, पण भिंतीपासून हातभर लांबच उभी राहिली. "टेका ना," बाई म्हणाल्या, "किती वेळ अवघडून उभ्या राहाल? खुर्ची तर नाहीच इथे." "नको, बरी आहे मी." टेकायचं नसतं याची तिला कुणी आठवण करून द्यावी लागत नव्हती. ते तिच्या पाठीला ठाऊक होतं. कंपनीच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत ती आणि दादा लहानाचे मोठे झाले ते भिंतींना न टेकता. डोक्याचं तेल लागतं, भिंतीवर डाग पडतो, भिंत कंपनीची आहे. अभ्यासाला बसायचं तर खोलीच्या मधे, पाठीचा कणा ताठ. शाळेत मास्तर म्हणायचे, ही दोन भावंडं कशी बसतात बघा, पट्टी गिळल्यासारखी. बाबा कंपनीच्या भांडारात होते. शेकडो नटबोल्ट, पट्टे, गाळण्या, सगळं जिथल्या तिथे, आणि एकही वस्तू स्वतःची नाही. घरीही त्यांचा तोच खाक्या होता. "भिंती कंपनीच्या," ते सांगायचे, "जमीन कंपनीची, छप्पर कंपनीचं. आपली फक्त आतली हवा." हे ते कुरकुरत म्हणत नसत. भांडारातल्या मालाची नीट विभागणी करून सांगावी तसं सांगत, आणि आतली हवा म्हणताना हाताचा पंजा खोलीभर असा फिरवत की लहानपणी तिला वाटायचं, ही तर फारच मोठी वस्तू आपल्या वाट्याला आली आहे.

खोलीत आल्या आल्या तिनं आणखी एक गोष्ट केली होती. पाठीवरची पिशवी मधोमध उभी केली आणि तिच्यावर आपलं बोटभर तापमापक ठेवलं. तिचं कामच ते होतं. या शहरात तापमापकं तपासणारी एक प्रयोगशाळा होती. कुठलं तापमापक खरं बोलतं आणि कुठलं थापा मारतं याचा दाखला ती द्यायची. तिथे ती नुकतीच रुजू झाली होती. आकडा हलायचा थांबला तेव्हा तो अकरा पूर्णांक चार होता. बाईंनी वाकून पाहिलं. "काय हो, खोलीला ताप आलाय का?" "उलट गारठलीय." "गारठणारच. दोन महिने कुणी नाही इथे. हीटर मी बंदच ठेवलाय. रिकाम्या खोलीला ऊब कशाला?" मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माणूस नसलं की घर असं होतं."

हे वाक्य बाई सहज बोलल्या होत्या, पण तिला ते जसंच्या तसं खरं असल्याचं ठाऊक होतं आणि त्यामुळेच ते तिच्या मनात घर करून बसलं. प्रयोगशाळेत तळमजल्यावर मोजमापाची एक खोली होती. तिथे पहिल्या दिवशी ती उत्साहानं शिरली आणि यंत्रांवरचे आकडे हळूहळू चढू लागले. काही बिघडवलं की काय म्हणून ती दोन पावलं मागे सरली. प्रमुख दारातूनच म्हणाले, "घाबरू नका, आकडा तुम्हीच चढवताय. माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा. नुसता उभा राहिला तरी खोली तापवतो. आकडा घ्यायचा तर आधी आपण किती तापवतोय ते बघा." ही शंभर वॅटची गोष्ट तिनं पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, तिच्यावर गुणही मिळवले होते. पण स्वतःच्या अंगानं खोलीतला आकडा वर सरकताना डोळ्यांनी पाहणं वेगळंच होतं. त्या दिवशी बसमधून घरी जाताना तिला प्रत्येक उतारू मंद जळताना दिसत होता. टोपीतला म्हातारा, मोबाइलमध्ये मान घातलेली मुलगी, पोटुशी बाई, तिच्यात तर दीड दिवा. खिडकीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या आणि ते सगळ्यांनी मिळून केलं होतं, न ठरवता.

बाई खिडकीच्या कट्ट्यावर कराराची पानं मांडून बसल्या. पानं सात होती, आणि त्यांना प्रत्येक कलम मोठ्यानं वाचायचंच होतं. "सही करणारे वाचत नाहीत आणि मग रडतात," त्या म्हणाल्या, "मी वाचणार, तुम्ही मान हलवा. कळलं नाही तर हलवू नका." त्यांची भाषा तिला येत होती, दोन वर्षं रात्रीच्या वर्गात बसून शिकली होती, पण कायद्याची भाषा म्हणजे ओळखीचा माणूस गणवेशात भेटावा तशी, चेहरा कळतो पण हाक मारायला जीभ उचलत नाही. पहिल्या कलमात घर कुठे आहे ते होतं, दुसऱ्यात केवढं आहे ते, तिसऱ्यात मालक कोण. नमनाला घडाभर तेल, असं आई म्हणाली असती. मग बाईंनी पेनाचं टोपण काढलं, चौथ्या कलमातल्या रिकाम्या चौकटीवर निब टेकवलं आणि विचारलं, "राहणार किती माणसं? फोनवर तुम्ही एक म्हणाला होतात. एक लिहू ना?"

तिनं मान हलवायला हवी होती. ती हलली नाही.

"नाही म्हणजे, नीट सांगा," बाई म्हणाल्या. "इथे लिहिलेला आकडा दोन वर्षं तोच राहतो. हा कागद पुढे नगरपालिकेत जातो, तिथे शिक्का बसतो. ज्याचं नाव यात, त्याचा हा पत्ता. ज्याचं नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याला दोन-चार आठवड्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. परवानाच मिळत नाही. मागच्या भाडेकरूनं एक लिहिलं आणि वर्षानं लग्न केलं. बायको उरलेलं वर्षभर पाहुणीच होती बिचारी." त्या हसल्या. मग तिच्याकडे पाहून हसायच्या थांबल्या आणि निब कागदावरून उचललं. "घाई नाही. फक्त शाई वाळते."

एक की दोन, एवढाच प्रश्न होता. लहान मुलाला विचारावा असा. आणि तिला मात्र असं वाटलं की आपण एका प्रचंड मोठ्या गोष्टीच्या तोंडाशी येऊन उभ्या आहोत. रात्री गच्चीवरून वर बघताना व्हायचं तसं. एक म्हणजे ती. दोन म्हणजे ती आणि आई. आई हजारो मैलांवर दादाच्या घरी होती, आणि 'एक लिही' हे आईनंच बजावलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आईनं तिची बॅग भरता भरता सांगितलं होतं, "माझा विचार डोक्यात आणू नकोस. मी काय, कुठेही राहते." कुठेही. तिला तेव्हा या शब्दाचा रागच आला होता, कारण तो अचूक होता. बाबा निवृत्त झाल्यावर वसाहतीतलं बिऱ्हाड उचलून दोघं दादाकडे आली, आणि सहा महिन्यांत बाबा गेले. दादाचं घर लहान. दादा वाईट नव्हता, वहिनी तर आईला एका शब्दानं दुखवत नव्हती; पण कपाटात जागा नव्हती, मुलांच्या खोलीत जागा नव्हती, आणि आई दारालगतच्या बोळकांडीत घडीची खाट टाकून निजायची. तिचं सामान एका निळ्या बॅगेत होतं. सकाळी त्यातून लुगडं काढायचं, संध्याकाळी वाळलेलं घडी करून परत आत, चेन ओढायची. बाबा जाऊन वर्ष होत आलं तरी ती चेन ओढणं थांबलेलं नव्हतं. एकदा तिनं न राहवून विचारलं, "अगं, निदान एक खण माग ना वहिनीकडे." तर आई म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्याला खण कशाला?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. हसताना बॅग मात्र पायानं खाटेखाली सरकवली.

त्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेला, एक खिळा होता. हे फक्त तिला ठाऊक होतं. बावीस वर्षांत आईनं कंपनीच्या भिंतीत मारलेला एकुलता एक खिळा. घरात आरसा होता तो लोखंडी कपाटाच्या दाराला, कंपनीनंच बसवलेला, बाबांच्या उंचीला. आई त्यात पाहायची तर तिला दिसायचं फक्त कपाळ. भांग पाडून व्हायचा, कुंकू लावून व्हायचं, पण नाक-तोंड पाहायचं तर पाटावर उभं राहावं लागे. मग कधी तरी, बाबा पाळीवर गेलेले असताना, तिनं स्वैपाकघराच्या दारामागे वरवंट्यानं एक खिळा ठोकला आणि त्यावर वीतभर आरसा टांगला. दार उघडं असलं की खिळाही झाकलेला, आरसाही. दार लोटून घेतलं की आईचा चेहरा. ती त्या वेळी नऊ वर्षांची होती, आणि हाती लागेल ते मोजत सुटण्याचे ते दिवस होते. बाबा तिला मापाडी म्हणायचे. तिनं शाळेच्या पट्टीनं जमिनीपासून त्या खिळ्यापर्यंतचं अंतर मोजलं होतं: एकशे अडतीस सेंटिमीटर. मोजून आईला सांगितलं. आईनं पिठाचा हात तिच्या तोंडावर ठेवला. "मापाडे, ही गोष्ट भिंतीलासुद्धा सांगायची नाही." भिंतीला तर सगळ्यात आधी कळलंय, असं तिला म्हणायचं होतं, पण तोंडावर पीठ होतं.

बाबांना ठाऊक होतं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर परत करताना कंपनीचा कारकून यादी घेऊन आला. पंखे दोन, नळ तीन, खिडक्यांच्या काचा शाबूत. बाबा त्याच्या मागे मागे, हात पाठीशी, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. एकही डाग नव्हता. कारकून म्हणाला, "साहेब, तुम्ही इथे राहत होता की नाही, असा प्रश्न पडावा इतकं स्वच्छ." बाबांची मान ताठ झाली. मग त्यानं सवयीनं दारामागे पाहिलं आणि म्हणाला, "हे काय? एक खिळा. विनापरवाना." आणि लिहिलं. आई चुलीच्या ओट्यापाशी उभी होती. ती आणि दादा दारात होते. कारकून गेल्यावर बाबांनी पक्कड आणली, खिळा हलवून हलवून अलगद उपसला, जरासुद्धा पोपडा पडू दिला नाही. आणि तो तळहातावर घेऊन त्यांनी आईसमोर धरला. रागावले नाहीत. "तुझा आहे," म्हणाले. "बाकी सगळं त्यांचं." आज इतक्या लांब, एका परक्या खिडकीशी उभी राहून तिला वाटलं की ते वाक्य आपण त्या दिवशी नीट ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी तिला फक्त लाज वाटली होती. आज 'तुझा आहे' म्हणताना बाबांचा आवाज कसा होता ते आठवायचा ती प्रयत्न करत होती, आणि आठवत होता तो फक्त खिळा, वाकडा न झालेला, डोक्यापाशी थोडा गंजलेला.

"आईला फोन केला तर चालेल?" तिनं विचारलं. "करा की," बाई म्हणाल्या, "माझ्या मुली मला न विचारता सगळं करतात. कुणी तरी विचारतंय, बघू तरी कसं विचारतात." तिकडे संध्याकाळ असणार होती. फोन वाजत राहिला आणि मग पडद्यावर आईचं कपाळ आलं. फक्त कपाळ, आणि वर छताचा तुकडा. आई फोन नेहमी तसाच धरायची, कितीदा सांगितलं तरी.

"काय गं, झाली का सही?"

"नाही अजून. तू कुठे आहेस?"

"मी कुठे असणार? इथेच, चपलांच्या कपाटापाशी. इथे आवाज नीट येतो."

"खोली बघ." तिनं फोन सावकाश फिरवला. भिंती चार, दारं दोन, खिडकी एक.

"अगं बाई, रिकामीच की! काहीच नाही दिलं त्यांनी?"

"रिकामीच देतात. आपण भरायची."

"उजेड बरा आहे. आणि खिडकीत त्या कोण बसल्यात?"

"घरमालकीणबाई."

"मग नीट उभी राहा. आणि केस बांध की जरा, काय म्हणतील त्या." बाईंनी हात हलवला. आईनं हात जोडले, त्यासाठी फोन काखेत धरला असावा, कारण काही वेळ नुसताच काळोख आणि बांगड्या. मग पुन्हा कपाळ. "कशा आहेत गं स्वभावानं?"

"मोजून मापून."

"म्हणजे तुझीच जोडी. देव बघतोच कुठून तरी."

"आई, ऐक. इथे लिहायचंय, किती माणसं राहणार."

"एक."

"दोन लिहू?"

कपाळावर काही झालं नाही. मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली. "काहीतरीच काय," आई म्हणाली, आवाज खाली आणून. "मला तिथली भाषा येत नाही, थंडी मला सोसत नाही. तुला आत्ता कुठे नोकरी लागलीय, तुझ्या खोलीत माझी अडगळ कशाला? दादा काय म्हणेल? लोकांच्या घरात आधीच माझं ओझं, त्यात आणि तुझ्या..." ती थांबली. लोकांच्या, असं ती म्हणाली होती. पोटच्या मुलाच्या घराला. ते आईच्याही कानांवर पडलं असावं. "म्हणजे तसं नाही हो," ती पुटपुटली. "जीभ घसरली." मागून वहिनीचा आवाज आला, "आई, चहा टाकतेय, घेणार ना अर्धा कप?" "टाक गं बाई, टाक," आई मोठ्यानं म्हणाली, गरजेपेक्षा जास्त मोठ्यानं.

समजावण्याचे सगळे मुद्दे तिच्याकडे होते, क्रमवार: परवान्याला सहा महिने तरी लागतील, तोवर विचार करता येईल, भाषा येते, थंडीला हीटर असतो, दादाशी मी बोलेन. पण ते मुद्दे तिच्याच कानांना पोकळ वाटत होते, या रिकाम्या खोलीत बोललेल्या शब्दांसारखे, थोडे मागून परत येणारे. आणि खरं सांगायचं तर तिलाही भीती होतीच. आई इथे येऊन खिडकीत बसून राहील, दिवसभर कुणाशी न बोलता, आणि संध्याकाळी विचारेल, आज काय मोजलंस. आणि आपल्याला उत्तर देण्याचा कंटाळा आलेला असेल. हे होणारच नाही असं म्हणायला तिच्यापाशी काही आधार नव्हता. एक लिहिलं तर मात्र काय होईल ते अगदी नेमकं सांगता येत होतं. निळी बॅग, चेन, खाट. दोन वर्षं.

"एक विचारू?" आई अचानक म्हणाली. "त्यांनाच विचार. भिंतीला खिळा मारू देतात का?"

तिनं भाषांतर केलं. बाईंना आधी कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं, "खिळा? कशाला?" "आरसा टांगायला." "मग टांगू दे की. त्यात मला काय विचारायचं?" बाईंच्या भुवया वर गेल्या होत्या, कुणी श्वास घेऊ का म्हणून परवानगी मागावी तशा त्या पाहत होत्या. "स्वतःच्या घरात माणूस खिळा मारणार नाही तर कुठे मारणार? जाताना भोक बुजवलं म्हणजे झालं. ही अकरा काय माझी आहेत?"

"काय म्हणतायत?" आई विचारत होती. "चिडल्या का?"

"नाही. म्हणतायत, स्वतःच्या घरात मारायला मला कशाला विचारते."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या. तुझ्या."

फोन खाली आला. आईचा हात दमला असेल किंवा विसरला असेल. आणि पडद्यावर पहिल्यांदाच तिचा सगळा चेहरा आला, भुवया, नाक, चष्म्याचे दोन डाग, अर्धवट उघडं तोंड. ती कुठेच पाहत नव्हती. तिनं आईचा चेहरा असा, समोरून, काही न करताना, कधी पाहिलाय का ते आठवून पाहिलं. दारामागून पाहिला होता, आरशातला, उलटा.

"खिळा माझ्याकडे आहे," आई शेवटी म्हणाली. "विकत घ्यायला नको."

"ठाऊक आहे मला."

"तुला सगळंच ठाऊक." आईनं नाक ओढलं. "लिही मग. पण पेन्सिलीनं लिही हो."

तिनं बाईंना विचारलं. बाईंनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. "पेन्सिल चालत नाही, म्हणतायत."

"खमक्या दिसतात," आई म्हणाली. त्या आवाजात तिला बऱ्याच महिन्यांनी काही तरी ओळखीचं ऐकू आलं. "बरं. शाईनं लिही. चहा निवतोय माझा." आणि फोन बंद झाला, निरोप न घेता, नेहमीसारखा.

बाईंनी चौकटीत दोन लिहिलं. खाली दोन नावांसाठी दोन ओळी होत्या आणि त्या तिला भरायला दिल्या. पहिल्या ओळीत तिनं आपलं नाव लिहिलं, मग बाबांचं, मग आडनाव. दुसऱ्या ओळीत आईचं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. लिहून झाल्यावर ती थबकली. तिच्या आयुष्यात घराच्या कागदावर आईचं नाव कधी आलं नव्हतं. क्वार्टर बाबांच्या नावावर, फ्लॅट दादाच्या. आणि ज्यांनी जन्मभर भिंतीला पाठ लावली नाही ते बाबा इथे दोन ओळींच्या मधोमध, एकाखाली एक, दोनदा आले होते. बाईंनी चष्मा सारखा केला. "हे मधलं नाव दोघींचं एकच कसं?" "एकीचे वडील, एकीचा नवरा." "अच्छा," बाई म्हणाल्या आणि थोडा वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिल्या. "तेही येणार आहेत का?" "नाही. ते नाहीत आता." बाईंनी मान हलवली. मग जणू काही नोंदवायचं राहून गेलं असावं तसं त्या म्हणाल्या, "आलेच की."

सात पानांवर सात सह्या झाल्या. शाई वाळायला पानं कट्ट्यावर पसरून ठेवली. बाईंनी किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या आणि बोटं मिटवून दिली. तिला काय करावं कळेना म्हणून तिनं पिशवीतून टेप काढली, स्वैपाकघराच्या दारामागे गेली, दार लोटून घेतलं, टेपचं टोक जमिनीला लावलं आणि एकशे अडतीसवर पेन्सिलीनं ठिपका केला. बाई दार ढकलून आत डोकावल्या. "इथे? दारामागे? कुणाला दिसणार आरसा तिथे? समोरच्या भिंतीवर टांगा, उजेड आहे." तिनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. खिडकीच्या अगदी समोर होती ती, पांढरी, मोकळी. मग तिथे जाऊन तिनं पुन्हा मोजलं आणि दुसरा ठिपका केला. पहिला पुसला नाही.

ठिपका करून वळायचं होतं, पण ती वळली नाही. हळूच पाठ फिरवून तिनं भिंतीला टेकून पाहिलं. आधी खांदे, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. भिंत गार होती, तरी ती मागे सरली नाही. आपल्या पाठीतून काही तरी भिंतीत जातंय हे तिला कळत होतं; ते मोजता येण्यासारखं होतं, त्याचं सूत्र तिला पाठ होतं, आणि तरीही ती तिथे श्वास रोखून उभी राहिली, एखाद्या फार मोठ्या इमारतीत पहिल्यांदा शिरल्यासारखी. बाहेर कुणी तरी सायकलचं कुलूप लावत होतं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात, आतून, धूसर वाफ धरू लागली होती.

"तुमच्या त्या खेळण्यात आता किती?" बाईंनी कोट चढवता चढवता विचारलं. हीटर अजून बंदच होता.

ती भिंतीपासून सुटली, पिशवीपाशी जाऊन वाकली, श्वास बाजूला सोडला आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबली.

"बारा पूर्णांक नऊ."